एक नाका पुरत नाही

सकाळी ६.३०

टिश्यू प्रोसेसर पहाटेच कधीतरी थांबलेला असतो. काल संध्याकाळी लावलेले तुकडे रात्रभर अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेल्या मेणातून फिरून आता ब्लॉक करण्याजोगे झालेत. बिदरमधल्या माझ्या लॅबचं काम इथून सुरू होतं. कॅसेटवरचे नंबर मी रजिस्टरशी ताडून पाहते. हे काम कुणावर सोपवत नाही. नंबरांची अदलाबदल झाली तर एकाचा जबडा विनाकारण जाईल आणि दुसरा आपला आजार घेऊन निर्धास्त घरी जाईल.

रजिस्टरमधला गावांचा रकाना वाचला की आमचा मुलूख कळतो. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद, आणि सीमेपलीकडचे उदगीर, निलंगा, उमरगा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर-निलंगा तिकडे गेले, भालकी-हुमनाबाद इकडे राहिले. सोयरिकी तुटल्या नाहीत, तंबाखूही सुटली नाही. आजच्या यादीतले बरेचसे तुकडे तोंडातलेच आहेत: गाल, जीभ, हिरडी.

सकाळी ८.००

टेक्निशियननं ब्लॉक बर्फावर मांडलेत. मेण गार आणि कडक असलं तरच मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनची पट्टी सलग निघते; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पट्टी कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या आपसूक मोकळ्या होतात. मग खालून काच घालून ती अलगद उचलायची, वाळवायची आणि रंगवायची. हिमॅटॉक्सिलीननं केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिननं बाकीची पेशी गुलाबी.

"म्याडम, ये ब्लॉक कु और काटू क्या?" तो दख्खनीत विचारतो. घरी तो कन्नड बोलतो, माझ्याशी मराठी आणि घाईत असला की दख्खनी. तुकडा लहान आहे, काटकसर करायला हवी. आणखी दोन पट्ट्या काढ, बाकीचं राखून ठेव, असं मी सांगते. पुढच्या तपासण्यांना हाच ब्लॉक लागणार असतो.

सकाळी ९.३०

पहिली स्लाइड. पंचेचाळिशीच्या शेतकऱ्याचा गाल. हिरडी आणि गाल यांच्यामधल्या खाचेतला, जिथे तंबाखू-चुन्याची गोळी तासन्‌तास दाबून ठेवतात नेमका तिथला. निरोगी गालाचं अस्तर थराथरांचं असतं. तळच्या थरातल्या पेशी विभागतात, वर सरकता सरकता चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. इथे ती शिस्त राहिलेली नाही. पेशींचे पुंजके अस्तराची तळरेषा ओलांडून खाली स्नायूपर्यंत उतरलेत. काही पुंजक्यांच्या मधोमध केराटिनचे गुलाबी गोल दिसतात. पृष्ठभागावर तयार व्हायचं केराटिन खोल मांसात तयार होतंय. निदानात शंका नाही: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. खोली मोजते, सात मिलिमीटर. पाचच्या पुढे गेलं की टप्पा बदलतो, दहाच्या पुढे पुन्हा बदलतो. सर्जनचा पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर असतो.

काचेवर दिसतो तो परिणाम. त्यामागची देवघेव काचेवर दिसत नाही, पण ती माहीत असल्याशिवाय या चित्राचा अर्थ लागत नाही. अस्तरातल्या पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचा रिसेप्टर असतो. वाढीचा रेणू येऊन चिकटला की दोन रिसेप्टर जोडीनं एकत्र येतात आणि एकमेकांवर फॉस्फेट चढवतात. तिथून रॅस हे प्रथिन चालू होतं, रॅसकडून राफ, राफकडून मेक, मेककडून ईआरके, आणि ईआरके केंद्रकात जाऊन विभागणीची जनुकं जागी करतं. त्याच रिसेप्टरपासून दुसरी वाटही निघते: पीआय-३-के आणि मग एकेटी. ही वाट पेशीला मरू देत नाही आणि प्रथिनं बनवण्याचा वेग वाढवते.

पाठ्यपुस्तकात हे दोन बाण शेजारीशेजारी, एकमेकांना न शिवता खाली उतरतात. प्रत्यक्षात ते पायरीपायरीला एकमेकांत मिसळतात. रॅस स्वतःच पीआय-३-केला चालना देतं. ईआरकेचा जोर वाढला की ते वरच्या पायरीला आवर घालतं. एकेटी वेगळंच एक काम करतं: पी-५३ या पहारेकऱ्याला मोडीत काढणाऱ्या एमडीएम-२ या प्रथिनाला ते बळ देतं. म्हणजे वाढ, मरण आणि पहारा ही तीन वेगळी खाती नाहीत. एका खात्यातला बिघाड उरलेल्या दोन्हींत उमटतो.

सकाळी ११.००

दुसरी स्लाइड चोवीस वर्षांच्या मुलाची. चिठ्ठीवर लिहिलंय, तोंड जेमतेम दीड बोट उघडतं. धडधाकट माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. गुटख्यावर २०१२ मध्ये महाराष्ट्रात बंदी आली, २०१३ मध्ये कर्नाटकात. तेव्हापासून पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशा दोन पुड्या एकाच दोरीला लटकतात. गिऱ्हाईक त्या तळहातावर एकत्र करतं.

स्लाइडवर वरचं अस्तर पातळ झालंय आणि त्याखाली कोलॅजनचा गुलाबी, जवळपास पेशीविरहित पट्टा पसरलाय. रक्तवाहिन्या आवळल्या गेल्यात. हा सबम्यूकस फायब्रोसिस. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये हा विकार या नावानं मांडला. सुपारीतलं अरेकोलीन टीजीएफ-बीटा या संदेशाला चेतवतं, आणि तो संदेश मिळाला की फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन विणत सुटतात. सुपारीतलं तांबं त्या धाग्यांना टाके घालणाऱ्या एन्झाइमला मदत करतं, त्यामुळे विणलेलं सहज उसवत नाही.

कोलॅजनइतकंच महत्त्वाचं आणखी एक आहे. निरोगी अस्तरात टीजीएफ-बीटा विभागणी थांबवतो. पण पेशीत रॅस कायमचं चालू राहिलेलं असेल तर तोच टीजीएफ-बीटा उलटं काम करतो: पेशी शेजारणींचे हात सोडून सुट्या होतात आणि मांसात घुसतात. मघाच्या स्लाइडवर पुंजक्यांच्या खालच्या कडेला एकेकट्या पेशी सुटलेल्या दिसल्या होत्या, त्या अशाच. एकच संदेश एका पेशीत लगाम ठरतो आणि दुसरीत चाबूक. काय ठरणार, हे त्या क्षणी बाकीचे कोणते संदेश चालू आहेत त्यावर अवलंबून.

या मुलाच्या अस्तरात मात्र अजून घुसखोरी नाही. तळच्या थरात थोडा अव्यवस्थितपणा आहे, सौम्य डिसप्लेजिया. रिपोर्ट लगेच लिहीत नाही. सर्जनशी बोलायचं आहे.

दुपारी १.००

काउंटरवर एक तरुण. धोतर-टोपीतले वडील बाहेर बाकावर बसलेत.

"म्याडम, आप्पाचं काय निघालं?"

"रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांकडे पाठवलाय, भाऊ. आजच जाऊन भेटा, उद्यावर टाकू नका."

"म्हंजे खराब हाय."

मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. आजच भेटा, एवढंच पुन्हा सांगते. त्याला त्याचं उत्तर मिळालेलं असतं. मग तो आवाज उतरवतो. "आमच्या पाव्हण्याला हैदराबादेत नवी सुई दिली म्हणं. निस्ती गाठीलाच मारती. केस बी जाईनात. आप्पाला ती चालंल का?"

तोंडाच्या गाठीला पहिला उपाय ऑपरेशनचाच, आणि नंतर लागलं तर रेडिएशन, हे मी त्याला सांगते. कलबुर्गीत किडवाई संस्थेचं उपकेंद्र आहे, बार्शीत नर्गिस दत्त रुग्णालय आहे, लांब कुठे वणवण करायची गरज नाही, हेही सांगते. सुईबद्दल मात्र चार वाक्यांत सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही. तो मान हलवतो आणि वडिलांना हात धरून उठवतो.

दुपारी १.३०

भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी. डबा संपवायला पंधरा मिनिटं.

दुपारी २.००

विशेष रंगकामाच्या स्लाइड बाहेरच्या मोठ्या लॅबमधून परत आल्यात. अँटिबॉडी लावून एखादं ठरावीक प्रथिन तपकिरी रंगात दाखवण्याची ही पद्धत. आज दोन रुग्णांच्या पी-५३ च्या काचा शेजारीशेजारी आल्यात: एक जिभेची, दुसरी बसवकल्याण तालुक्यातल्या एका बाईंच्या गर्भाशयमुखाची.

जिभेच्या काचेवर जवळपास प्रत्येक केंद्रक गडद तपकिरी. नवख्याला वाटेल, पहारेकरी भरपूर आहेत. खरं म्हणजे जनुक बिघडल्यानं ते प्रथिन निकामी झालंय. पी-५३ धड असतं तेव्हा ते स्वतःला मोडणारं एमडीएम-२ स्वतःच बनवून घेतं, म्हणून पेशीत फार काळ टिकत नाही. बिघडलेल्याला ते जमत नाही, म्हणून ते साचतं. गर्भाशयमुखाची काच उलट, जवळपास फिकी. तिथे एचपीव्ही विषाणूचं ई-६ प्रथिन चांगल्या पी-५३ ला धरून नष्ट करतंय. एक गडद, एक फिकी, आणि दोन्हींचा अर्थ एकच: पहारा उठलाय.

त्या बाईंची पी-१६ ची काच मात्र एकसलग तपकिरी. पी-१६ हा विभागणीला आवर घालणारा रेणू. तो आरबी या पुढच्या प्रथिनाच्या जोरावर काम करतो, आणि विषाणूच्या ई-७ नं नेमकं आरबीच बांधून ठेवलेलं आहे. आरबी बाजूला झालं की पी-१६ वरचा अंकुश सुटतो, तो ढिगानं बनतो आणि काहीही थांबवू शकत नाही. पण आम्हाला विषाणूचा माग दाखवतो.

याच आजारावरचा जगभर वाचला गेलेला एक अभ्यास आमच्या शेजारी झाला. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी १,३१,७४६ बायकांना सामावून घेतलं. २००९ मध्ये निष्कर्ष आले: आयुष्यात एकदा एचपीव्हीची चाचणी केलेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यानं घटले. पेशीतली सगळी साखळी बिघडायला बरीच वर्षं लागतात. चाचणी त्या वर्षांचा फायदा घेते. या बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या आहेत आणि त्यांची चाचणी कधीच झालेली नव्हती.

दुपारी ४.००

कलबुर्गीहून ऑन्कॉलॉजिस्टचा फोन. एका जुन्या रुग्णाबद्दल, ऑपरेशन आणि रेडिएशननंतर गाठ परत आलीय. "ईजीएफआर जोरात दिसतंय का तुमच्याकडे?"

"दिसतंय. पण तोंडाच्या बहुतेक गाठींत दिसतं. त्यावरून औषध लागू पडेल असं म्हणता येत नाही, हे तुम्हीच मला मागे सांगितलं होतं."

ते हसतात. दुपारी काउंटरवरच्या तरुणानं विचारलेल्या प्रश्नावर आम्ही दोघं येतो. ईजीएफआरला अडवणारी इंजेक्शनं आहेत: सेटुक्सिमॅब, निमोटुझुमॅब. काहींना फायदा होतो. पण गुटख्याचा ट्रक जातो तशी ही गोष्ट आहे. पुणे-हैदराबाद हायवेच्या नाक्यावर तपासणी कडक झाली की माल हुमनाबाद सोडून भालकी-औरादच्या शेतरस्त्यांनी निघतो. पेशीत तर त्याहून पुढचं घडतं, नाका बसला की नव्या वाटा उघडतात. एमटॉर नावाचा टप्पा अडवला की वर ठेवलेला आवर ढिला होतो आणि एकेटी उसळतं. आतड्याच्या कर्करोगात बिघडलेल्या बी-राफला औषधानं अडवलं तर ईजीएफआरच जागं होऊन काम पुढे नेतं. २०१२ मध्ये हे उघड झालं आणि त्यानंतर तिथे दोन्ही औषधं जोडीनं देऊ लागले.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या धनंजया सारनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडाच्या गाठी तपासल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश गाठींत एच-रॅस बिघडलेलं निघालं. पाश्चात्त्य रुग्णांत हे प्रमाण बरंच कमी आहे. रॅसच कायमचं चालू असेल तर त्याच्या वरचा रिसेप्टर अडवून फारसं हाती लागत नाही. पाव्हण्याला लागू पडलेली सुई आप्पाला लागू पडेलच असं नाही, ते यामुळे.

"मग काय देणार?" मी विचारते.

"गोळ्या. मिथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब. घरी बसून घेता येतील."

ही जोडी दिसायला साधी आहे. मिथोट्रेक्सेट जुनं औषध, सेलेकॉक्सिब सांधेदुखीचं. पण सेलेकॉक्सिब कॉक्स-२ ला अडवतं, आणि कॉक्स-२ मुळे बनणारं प्रोस्टाग्लँडिन आडवाटेनं ईजीएफआरला जागं करत असतं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ४२२ रुग्णांवर ही जोडी सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या सिसप्लॅटिनशी ताडून पाहिली. २०२० मध्ये निकाल आला: गोळ्यांवर निम्मे रुग्ण साडेसात महिन्यांहून जास्त जगले, सिसप्लॅटिनवर सहा महिन्यांच्या थोडं पुढे. पुढे त्यांनी एर्लोटिनिब ही ईजीएफआर अडवणारी गोळी तिसरी म्हणून घातली आणि सोबत निव्होलुमॅब, तेही नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी अवघं २० मिलिग्रॅम. निव्होलुमॅब प्रतिकार पेशींवरचं पीडी-१ अडवून गाठीची पीडी-एल-१ ही ढाल निकामी करतं, आणि ईजीएफआरचा संदेश ही ढाल वाढवू शकतो, म्हणजे इथेही दोन वाटा एकमेकींना मिळालेल्याच. १५१ रुग्णांच्या या अभ्यासात वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं.

हे आकडे बरं होण्याचे नाहीत. परत आलेल्या गाठीशी झगडताना मिळालेल्या महिन्यांचे आहेत. पण औरादहून दर वेळी कलबुर्गीची गाडी धरून रोज बुडवणाऱ्या घराला गोळीची पट्टी आणि सलाइन यांतला फरक फार मोठा.

संध्याकाळी ५.३०

वैद्यकीय शिकणारी दोन मुलं स्लाइड पाहायला येतात. त्यांतली मुलगी उदगीरची आहे आणि तिचा प्रश्न रोखठोक असतो: "म्याडम, खरा दोषी पाथवे कोणता? परीक्षेत एकच उत्तर लागतं."

मी तिला २०१३ मधला भारतीय जीनोम अभ्यास सांगते. खारघरचं ॲक्ट्रेक आणि कल्याणीची जीनोमिक्स संस्था यांनी हिरडी-गालाच्या भारतीय गाठींची जनुकं वाचली. त्यात पी-५३, कॅस्प-८, फॅट-१, नॉच-१, एच-रॅस ही नावं वारंवार आली, काही नवीही सापडली. पेशीला मरू देणारं, शेजाऱ्याशी जोडणारं, परिपक्व करणारं, विभागायला लावणारं, अशी ही वेगवेगळ्या कामांची जनुकं. सगळ्या गाठींत सारखा असलेला एकही बिघाड नव्हता. वेगवेगळ्या ठिकाणी बिघडूनही गाठी त्याच जागी पोचतात, कारण आतल्या वाटा एकमेकींना मिळालेल्या आहेत.

"मग परीक्षेत काय लिहू?"

"पी-५३ लिही, गुण मिळतील. आणि खाली एक ओळ लिही की ते एकट्यानं काही करत नाही."

शेजारचा मुलगा विचारतो, तंबाखूचा आणि या गाठींचा संबंध आधी कुणाच्या लक्षात आला. त्याला वसंतराव खानोलकरांचं नाव सांगते. पेशीतल्या संदेशांचा कुणाला पत्ता नव्हता त्या काळात मुंबईत त्यांनी कोण काय चघळतं आणि तोंडात गाठ नेमकी कुठे येते, याची सांगड घातली. त्यांच्याच संस्थेत कमल रणदिवे यांनी ऊतींची वाढ करण्याची प्रयोगशाळा उभी केली. कारण आधी हाती आलं, यंत्रणा नंतर कळली. मुलं ते वहीत उतरवून घेत नाहीत. परीक्षेत येणार नसतं.

संध्याकाळी ७.३०

रिपोर्टांवर सह्या. शेवटी उरतो तो चोवीस वर्षांचा मुलगा. सर्जनना फोन लावते. "डिसप्लेजिया सौम्य आहे," मी सांगते, "पण फायब्रोसिस बराच पुढे गेलाय."

"औषध काही सुचवाल? त्याचे वडील विचारतायत, पैसे घालायला तयार आहेत."

टीजीएफ-बीटा थोपवण्यावर संशोधन चालू आहे, पण या मुलाला उद्या लिहून देता येईल असं त्यातलं काही नाही. आखडलेलं तोंड व्यायामानं, इंजेक्शनांनी थोडं सैल होईल; पूर्वीसारखं पूर्ण उघडणार नाही. मात्र दिवसभरात पाहिलेल्या सगळ्या वाटा या मुलाच्या बाबतीत एकाच ठिकाणाहून निघतात आणि ते ठिकाण पेशीच्या बाहेर आहे. रॅस एकदा बिघडलं की आत कितीही नाके बसवले तरी कमीच पडतात. त्याचं रॅस बिघडलंय की नाही हे मी पाहिलेलं नाही, पण अस्तराची तळरेषा अजून शाबूत आहे. पुडी आज सुटली तर त्याचा धोका वर्षागणिक कमी होऊ शकतो. दोन वर्षांनी सुटली तर हेच वाक्य मला असं लिहिता येईलच याची खात्री नाही.

सर्जन म्हणतात, "मग हेच रिपोर्टमध्ये लिहा. तुमच्या सहीचा कागद दाखवला की ऐकतील."

रिपोर्टच्या तळाशी शेऱ्याची जागा असते. सहसा तिथे मी 'क्लिनिकल तपासणीशी पडताळावे' एवढंच लिहिते. आज लिहिते: सुपारी आणि तंबाखू सर्व प्रकारची आजपासून बंद. दर तीन महिन्यांनी संपूर्ण तोंडाची तपासणी. कुठे नवा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर पुन्हा बायोप्सी, वाट पाहू नये. खाली सही करते, आणि मराठीत एक प्रत वेगळी काढायला सांगते, वडिलांसाठी.